वहीतला 'कारण' नावाचा रकाना

आजच्या या निरोपाच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा आणि आपल्या कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालिका, व्यासपीठावर बसलेले मनुष्यबळ विभागाचे प्रमुख, कायदा विभागाचे आमचे जुने वकीलसाहेब, आजचे सत्कारमूर्ती, त्यांच्या शेजारी गेला अर्धा तास 'हा पुष्पगुच्छ आता ठेवू कुठे' या विवंचनेत बसलेल्या वहिनी, आणि समोर जमलेले माझे सगळे सहकारी,

सूत्रसंचालकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. तक्रार विभागात बावीस वर्षं काढलेल्या बाईच्या हाती माईक द्यायचा आणि पाच मिनिटांत परत मागायचा, हे जरा जास्तच झालं. मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, हे आधीच सांगून टाकते. चहा झाकून ठेवायला सांगितलाय.

आज ज्यांना आपण निरोप देतोय, त्यांना आपण सगळे 'वहीवाले' म्हणतो. नव्या मुलामुलींना वाटतं ते आडनावच आहे. पगारपत्रकात ते नाव शोधणारेही मला भेटलेत. खरं कारण साधं आहे. आपल्या वेबसाइटची राखण करण्याचं काम त्यांच्याकडे. त्यांच्या खोलीत सहा स्क्रीन, खाली घोंघावणारी यंत्रं, आणि त्या सगळ्याच्या मधोमध टेबलावर एक जाडजूड, लांबट, हिरव्या पुठ्ठ्याची वही. वेबसाइट कधी बंद पडली, किती वेळ पडली, कुणी सुरू केली, हे सगळं संगणकात आपोआप नोंदलं जातं. तरी हे ते वहीत लिहिणार. का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ताई, संगणक केव्हा आणि किती हे सांगतो. का, ते सांगत नाही." म्हणून वहीच्या प्रत्येक पानावर शेवटी एक रुंद रकाना आखलेला असे आणि वर लिहिलेलं असे, 'कारण'. त्या रकान्यात मी स्वतः वाचलेली एक नोंद सांगते: 'साफसफाई करताना बाईंनी पंख्यासाठी प्लग काढला. पंख्याची गरज खरी होती. खोलीला खिडकी नाही.' पुढच्या महिन्यात त्या खोलीला खिडकी पडली.

हसा, हसा. पुढे हसायला फारसं मिळणार नाही.

अध्यक्ष महोदया, आपण दोन वर्षांपूर्वी आलात. मी सांगणार आहे ते सहा वर्षांपूर्वीचं. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांना ते अर्धवट माहीत आहे, आणि जे माहीत आहे तेच नेमकं चुकीचं आहे. म्हणून सुरुवातीपासून सांगते.

आपण घरी रक्तातली साखर मोजायची यंत्रं बनवतो, आणि त्यात घालायच्या पट्ट्या. बोटाला टोचायचं, थेंब पट्टीवर घ्यायचा, आकडा वाचायचा. आकडा चुकला, तर माणूस औषध चुकतो. त्या वर्षी पट्ट्यांबद्दल तक्रारी वाढल्या होत्या. त्या सगळ्या वेबसाइटवरून येत आणि माझ्या विभागात पडत. एका टेबलाने दिवसाला दीडशे तक्रारी निकाली काढायच्या, असा तेव्हा दंडक होता. आणि निकाली काढण्याची पद्धत अशी होती: तक्रार उघडायची, शेजारी कारणांची यादी उघडायची, त्यातलं एक निवडायचं, बटण दाबायचं. यादीत पहिलंच कारण होतं, 'ग्राहकाच्या हाताळणीतील चूक'. ते आधीपासूनच निवडलेलं असायचं. म्हणजे तुम्ही काहीच केलं नाही, नुसतं बटण दाबलं, तरी ग्राहकाला पत्र जायचं. पत्र मला आजही तोंडपाठ आहे. 'आपल्या तक्रारीची आम्ही गांभीर्याने दखल घेतली आहे. सदर दोष ग्राहकाच्या हाताळणीतील चुकीमुळे उद्भवला आहे. पट्टी कोरड्या हाताने वापरावी. सबब आपली तक्रार बंद करण्यात येत आहे.' खाली माझी सही. छापील, पण माझीच.

एक फोनही होता आमच्या विभागात. जुन्या खोक्यांवर त्याचा नंबर छापलेला असे. पण फोन वाजला की कामात व्यत्यय येतो म्हणून आम्ही त्याचा आवाज अगदी कमी करून तो कपाटावर ठेवून दिला होता. तक्रार विभागाने फोनचा आवाज कमी करून ठेवला होता, आणि यात काही वावगं आहे असं आमच्यापैकी एकीलाही वाटलं नव्हतं.

मग एका सोमवारी सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी आपली वेबसाइट कोसळली.

आपल्यावर हल्ला झाला होता. वर्तमानपत्रांनी तेव्हा 'हॅक्टिव्हिस्ट' हा शब्द वापरला. म्हणजे रस्त्यावर मोर्चा न काढता संगणकावरून निषेध करणारे लोक. कुणीतरी आवाहन केलं होतं की ज्यांच्या तक्रारी या कंपनीने बंद केल्या त्यांनी सोमवारी अकराला तिचं तक्रारीचं पान उघडायचं आणि उघडतच राहायचं. त्यासाठी एक छोटा प्रोग्रॅमही वाटला होता, तो एका माणसाच्या नावाने मिनिटाला शंभरदा पान उघडायचा. एका खिडकीच्या तिकीटघरासमोर दहा हजार माणसं एकदम उभी राहिली तर जे होईल, ते झालं. दुपारी साइट कशीबशी उठली, तर आणखी पंचाईत. कुणीतरी आत शिरून पहिलं पानच बदललं होतं. आपली यंत्रं, हसणारं कुटुंब, सगळं गायब, आणि पांढऱ्या पानावर एकच ओळ. 'सबब आपली तक्रार बंद करण्यात येत आहे.'

वरच्या मजल्यावर काय झालं असेल याची कल्पना करा. लिफ्टची वाट न पाहता साहेब लोक जिन्याने खाली येत होते. "कोण आहेत हे गुंड?" "पोलिसांना कळवा!" वहीवाले शांतपणे वहीत वेळ लिहीत होते. एका साहेबांनी विचारलं, "अहो, लिहिताय काय? ते पान काढा आधी!" तर म्हणाले, "काढतोय. पण साहेब, वाक्य आपलंच आहे." हे त्यांनी बोलायला नको होतं. पुढच्या सगळ्या संशयाची सुरुवात तिथून झाली.

साइट बंद, म्हणजे माझा विभाग रिकामा. आम्ही सगळ्याजणी हाताची घडी घालून बसलो होतो. आणि कपाटावरचा तो फोन किरकिरायला लागला. साइट उघडत नाही म्हणून लोकांनी जुनी खोकी शोधून नंबर काढला होता. वहीवाले काहीतरी विचारायला आमच्याकडे आले होते, त्यांनीच तो खाली उतरवला, आवाज मोठा केला आणि मला म्हणाले, "ताई, घ्या." मी विचारलं, कारणांची यादी तर उघडत नाही, लिहू कशात? त्यांनी आपली हिरवी वही माझ्यापुढे सरकवली. तोवरच्या सोळा वर्षांच्या नोकरीत मी पहिल्यांदा लोकांच्या तक्रारी त्यांच्या शब्दांत लिहून घेतल्या. दोन दिवसांत शहाण्णव फोन. प्रत्येकाला आम्ही खोक्यावरचा क्रमांक विचारत होतो, कारण दुसरं काय विचारायचं ते सुचत नव्हतं. मंगळवारी संध्याकाळी वहीवाल्यांनी पानावरून बोट फिरवलं आणि थांबले. अडतीस जणांची खोकी एकाच महिन्यात तयार झालेली होती. अडतीसही जणांचं म्हणणं एक. यंत्र सांगतं सगळं ठीक आहे, आणि माणूस चक्कर येऊन पडतो.

इथवरचं तुमच्यापैकी जुन्यांना माहीत आहे. आता जे माहीत नाही ते सांगते. जरा पाणी पिते.

गुरुवारी वरून हुकूम आला, हल्ला जिथून झाला त्या संगणकांची यादी आज पाचपर्यंत द्या, पोलिसांत द्यायची आहे. वहीवाल्यांना दोनशे बारा पत्ते सापडले होते, म्हणजे त्या संगणकांच्या इंटरनेट जोडणीचे क्रमांक. दुपारी ते माझ्या टेबलाशी आले, कागद ठेवला आणि अठ्ठावन्नाव्या ओळीवर बोट ठेवून अगदी हळू म्हणाले, "ताई, हा तुमच्या घरचा आहे."

घरून काम करता यावं म्हणून आपल्या सगळ्यांच्या घरच्या जोडणीचे असे पत्ते त्यांच्याकडे नोंदलेले असतात. चूक असण्याचा प्रश्नच नव्हता. सोमवारी मी इथे होते, म्हणजे घरी संगणकावर बसणारं माणूस एकच. माझी लेक. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.

तिने असं का केलं? मला विचारावं लागलं नाही. मला ते तीन आठवड्यांपासून माहीत होतं.

माझ्या सासूबाई आपलंच यंत्र वापरत. सुनेच्या कंपनीचं म्हणून कौतुकाने वापरत. त्यांना घेरी यायला लागली आणि यंत्र तर सांगत होतं सगळं ठीक. लेकीने मला न सांगता वेबसाइटवर तक्रार केली. आई मधे पडायला नको, जे इतरांना मिळतं ते उत्तर आपल्याला मिळू दे, असा तिचा हिशेब. तक्रार माझ्याच टेबलावर आली. मी नाव वाचलं नाही. गाव, पत्ता, काही वाचलं नाही. बटण दाबलं. पत्र माझ्या घरी गेलं. लेक चिडली, पण सासूबाईंनी ते पत्र घडी करून यंत्राच्या पिशवीत ठेवलं. म्हणाल्या, "अगं, सुनेने स्वतः सही करून कळवलंय, पट्टी कोरड्या हाताने वापरा. माझंच चुकत असेल." त्यानंतर नऊ दिवस त्या रोज सकाळी टॉवेलने हात खसाखसा पुसत आणि मग बोट टोचत. मी समोरून जाताना ते पाहत होते. एकदा मी त्यांना म्हणालेसुद्धा, "बरं करता आई, हात कोरडा हवाच." दहाव्या दिवशी त्या स्वयंपाकघरात पडल्या. दवाखान्यात लेकीने ते पत्र माझ्या हातात दिलं. त्यानंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

सासूबाई वाचल्या. पुढे चार वर्षं होत्या. शेवटपर्यंत म्हणत राहिल्या, "तुझं काय चुकलं गं, पट्टीच ओली झाली असेल." त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

तर त्या गुरुवारी मी वहीवाल्यांना म्हणाले, "ती ओळ खोडा." हात जोडले मी. ते म्हणाले, "मी काही खोडत नाही, ताई." मी रडले, मग भांडले, नको नको ते बोलले. ते ऐकून घेत उभे राहिले आणि मग म्हणाले, "दुसऱ्याची वाट अडवणं मला मान्य नाही. सोमवारी सकाळी एक गृहस्थ यंत्राचा सेल कसा बदलायचा ते पाहायला साइटवर आले होते, त्यांना एकोणीस वेळा प्रयत्न करून ते पान दिसलं नाही. त्यांनी तुमच्या लेकीचं काय बिघडवलं होतं? पण लोक दारात का जमले ते न लिहिता नुसती त्यांची नावं लिहून द्यायची, हेही मला जमणार नाही. तुमच्याकडे बंद केलेल्या तक्रारी आहेत ना? काढा."

शुक्रवार अख्खा आणि शनिवारची सकाळ आम्ही दोघं बसलो. तक्रार करताना ग्राहकाच्या संगणकाचा पत्ताही नोंदला जातो. दोनशे बारा पत्ते एकीकडे, माझ्या कपाटातल्या बंद तक्रारींच्या छापील प्रती दुसरीकडे. यादीला त्यांनी पट्टीने एक रुंद रकाना आखला आणि ओळीओळीसमोर लिहीत गेले: याने कोणत्या तारखेला काय तक्रार केली, आपण ती काय म्हणून बंद केली. दोनशे बारापैकी एकशे साठ जणांनी आधी रीतसर तक्रार केली होती. काहींनी पाच पाच वेळा. एकशे साठही 'हाताळणीतील चूक'. अठ्ठावन्नावी ओळ आली तेव्हा मी विचारलं, "हेही लिहायचं?" ते म्हणाले, "हेच कसं गाळू?" आणि लिहिलं.

एवढं झाल्यावर मी त्यांना एक विनंती केली. म्हटलं, यात माझं नाव नको. यादी तुमच्या एकट्याच्या सहीने जाऊ दे. ते 'बरं' म्हणाले.

वकीलसाहेब, ती यादी आपल्याकडे आली. आपण तो रकाना वाचलात, चष्मा काढून पुसलात आणि म्हणालात, "हे घेऊन पोलिसांत गेलो तर पहिली चौकशी आपलीच होईल." यादी गेली नाही. पुढच्या महिन्यात त्या सगळ्या पट्ट्या परत मागवल्या. कारणांच्या यादीत ते पहिलं कारण आज सगळ्यात खाली आहे, आणि आधीपासून निवडलेलं नसतं. वकीलसाहेब, अठ्ठावन्नावी ओळ कुणाच्या घरची, हे आपल्याला आज कळतंय. आपण आता चष्मा पुसताय तसाच तेव्हाही पुसला होतात.

आणि वहीवाल्यांना काय मिळालं? लेखी ताकीद. 'मागितलेली माहिती वेळेत न देणे आणि न मागितलेली माहिती जोडणे.' त्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस त्यांचा वरिष्ठ झाला. आणि कॅन्टीनमध्ये कुजबूज सुरू झाली की हा माणूस हल्लेखोरांना सामील होता, यानेच दार उघडं ठेवलं, घरभेदी आहे. पहिलं पान कुणी बदललं ते आजवर कुणालाच कळलेलं नाही. पण नाव मात्र यांचं लागलं. मी त्या टेबलावर बसलेली असायची. चहात साखर नसली तरी चमचा फिरवत बसायची. दोन दिवस उशीर माझ्यामुळे झाला होता, रकान्यातला निम्मा मजकूर माझ्या कपाटातून आला होता, आणि मी सहा वर्षं तोंडातून ब्र काढला नाही. भीती नोकरीची होती, लेकीचीही होती. आज भीती नाही असं नाही. अजून माझी दोन वर्षं राहिलीत.

माझी लेक बरोबर वागली, असं मी म्हणत नाही. तिने विचारलं होतं त्यांना. ते आमच्या घरी आले होते तेव्हा. "काका, रीतसर तक्रार केली, ती न वाचताच बंद केली. मग आम्ही करायचं तरी काय?" त्यांनी फक्त वहीतली त्या सेलवाल्या गृहस्थांची नोंद तिला वाचून दाखवली. तिने वही आपल्याकडे ओढून ती नोंद स्वतः पुन्हा वाचली. मग म्हणाली, "नंबर द्या, मी माफी मागते." आमच्यासमोर फोन लावला. पलीकडून त्या गृहस्थांनी तिला चांगलं फैलावर घेतलं, आणि मग म्हणाले, "पुन्हा कधी करणार असाल तर आदल्या दिवशी सांगा. मी सेल आधीच बदलून ठेवीन. आणि मलाही बोलवा. माझीही तक्रार बंदच केलीय त्या लोकांनी." किती तरी दिवसांनी माझी लेक हसली. माझ्याकडे बघून हसली.

ती आज शेवटच्या रांगेत बसली आहे. मी बोलावलं नव्हतं. सकाळी म्हणाली, "आई, आज तू बोलली नाहीस तर मी उठून बोलेन." तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही, हे एव्हाना तुम्हाला पटलं असेल.

अध्यक्ष महोदया, आता साडेचार वाजलेत. साडेपाचला हे गृहस्थ शेवटची सही करून या इमारतीतून बाहेर पडतील, आणि त्यांच्या फाइलमध्ये ती ताकीद कायमची राहील. ती फाडा, असं मी म्हणणार नाही. खोडाखोड त्यांना आवडत नाही. माझं मागणं एवढंच आहे की त्या ताकिदीखाली एक रकाना आखा. त्यात काय लिहायचं ते मी कालच लिहून आणलं आहे. उशीर का झाला, कुणासाठी झाला, जोडलेली माहिती कुणाच्या कपाटातली होती. खाली माझी सही आहे. छापील नाही, हाताने केलेली. हा कागद मी आपल्यासमोर ठेवते आहे.

वहीवाले, तुम्ही मान खाली घालून बसलात, मला माहीत होतं असंच कराल. वहिनी, सहा वर्षं यांनी घरी माझं नाव काढलं नसणार, हेही मला माहीत आहे. मी तुमची माफी मागते. सगळ्यांदेखत मागते, कारण बदनामीही सगळ्यांदेखतच झाली होती.

आपण सगळ्यांनी इतका वेळ ऐकून घेतलंत, चहा निवू दिलात, त्याबद्दल मी आपली मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुठे जास्त बोलले असेन, तर माफ करा. फक्त एक विनंती. मी आज जे सांगितलं ती माझी तक्रार आहे. ती हाताळणीतील चूक म्हणून बंद करू नका.